तांब्याच्या पत्र्यावरचे संत

चित्रातल्या संताच्या मस्तकामागे प्रभावळ काढायला कोणाची परवानगी लागते, असे कोणी विचारले तर आपल्याला हसू येईल. सतराव्या शतकातल्या कॅथलिक युरोपात मात्र हा प्रश्न थेट पोपपर्यंत गेला, आणि तो उभा केला तांब्याच्या पत्र्याने.

संतचित्रांचे मोठे ठाणे म्हणजे अँटवर्प. तिथला कारागीर गुळगुळीत पत्र्यावर पोलादी कोरणीने चित्र उलटे कोरी, चरांत शाई भरी, वरची पुसून टाकी आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबातून काढी. एका पत्र्याच्या शेकडो प्रती निघत. तैलचित्र परवडे ते चर्चला नाहीतर सरदाराला. ही चिमुकली चित्रे प्रार्थनेच्या पुस्तकातही मावत. कोरणारे हात मात्र नेहमीच सोवळे नसत! वीरिक्स बंधू या कलेतले उस्ताद. पण त्यांच्याकडून काम हवे असेल त्याने आधी त्यांना गुत्त्यात शोधावे, त्यांची देणी भागवावीत आणि गहाण पडलेली हत्यारे सोडवून आणावीत, अशी तक्रार मुद्रक प्लांतँ याने १५८७ साली लिहून ठेवली आहे.

आविलाची तेरेसा ही स्पेनमधली संन्यासिनी १५८२ मध्ये वारली. तिची सोबतीण आना दे जेसूस हिच्या खटपटीने १६१३ साली अँटवर्पला तेरेसेचे चरित्र कोरीव चित्रांत निघाले. कोरणारे कोलार्ट व गाले. एका चित्रात देवदूत तिच्या हृदयावर बाण रोखून उभा आहे. बर्निनीने हाच प्रसंग रोममध्ये संगमरवरात घडवला, पण १६४७ नंतर. कागदावर तो कधीच फिरू लागला होता. आणि गंमत पाहा, पुस्तकाच्या नावातच तेरेसेला ‘धन्य’ ही पदवी लावलेली. रोमने ती दिली १६१४ मध्ये! संतपद मिळाले १६२२ साली, ज्यांचे शव गोव्यात आहे त्या फ्रान्सिस झेविअर यांच्याबरोबरच.

रोमला धास्ती वाटली नसती तरच नवल. १६२५ मध्ये, आठव्या अर्बन पोपच्या कारकिर्दीत, हुकूम सुटला : ज्यांना रोमची मान्यता नाही त्यांच्या चित्रांना प्रभावळ वा किरण काढावयाचे नाहीत. हा हुकूम मला निव्वळ जुलमी वाटत नाही. पत्र्यावर भोंदूही तितकाच सुबक उमटतो. पण जिला अक्षरओळख नाही, तिच्या हाती संताची म्हणून या कागदाखेरीज दुसरी कोणती वस्तू होती? आणि रोमचा निकाल लागेपर्यंत तिने हात जोडायचे थांबावे, ते कसे?

तेरेसेचे ते चरित्र १६३० साली अँटवर्पलाच पुन्हा छापले गेले. या वेळी नावात ‘धन्य’ नव्हते, ‘संत’ होते.