डिग्री बाल्टिमोरची, प्रश्न गावाचे

परदेशात शिकून डॉक्टरची माणुसकी वाढते की आटते? यवतमाळच्या पूर्वेला, गडचिरोलीत याचे एक उत्तर आहे. नागपुरात डॉक्टर झालेल्या अभय आणि राणी बंग यांनी 1984 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि परतून 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली.

बाल्टिमोरला मिळाली मोजण्याची शिस्त. काय मोजायचे, हे गावाने सांगितले. दोन गावांतल्या 650 स्त्रियांच्या तपासणीत 92 टक्के जणींना स्त्रीरोग आढळले. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासाने बायकांच्या मुक्या दुखण्याला आकडा दिला. आदिवासींना मोठ्या इमारतीची धास्ती वाटते, हे ऐकल्यावर त्यांच्या घरांसारखा दवाखाना उभा राहिला.

गावाला विचारून काम करण्याची ही रीत यवतमाळलाही लागू पडते. 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. अशा वेळी औषधाइतकाच महत्त्वाचा असतो प्रश्न: कोणते कीटकनाशक फवारले, अंगावर काय होते, मजुरी किती? पदवी कुठलीही असो, हे विचारणारा डॉक्टरच रोग्याला माणूस म्हणून ओळखतो.