हजार व्होल्टचा डायोड आणि ‘चल जाएगा’

जुना सीआरओ (कॅथोड-रे ऑसिलोस्कोप) चालू केला की पहिली दहा-पंधरा मिनिटं रेघ छान दिसते. मग ती फुगू लागते, अंधूक होते आणि शेवटी पडद्यावरून नाहीशी होते. जबलपूरच्या रिछाई औद्योगिक क्षेत्रातल्या शेडमध्ये काय किंवा पुण्या-ठाण्याच्या दुरुस्तीच्या टेबलावर काय, असं उपकरण उघडून बसलेल्या माणसाला मिळणारा सल्ला एकच असतो: एचटीचा (म्हणजे उच्च विद्युतदाबाचा) डायोड गेलाय, तो आता मिळत नाही, तीन-चार १एन४००७ सिरीजमध्ये जोड, ‘चल जाएगा’.

चालत नाही. निदान बहुतेक चांगल्या सीआरओंमध्ये तरी नाही. आणि ‘चाललं’ असं जिथे वाटतं, तिथे बरेचदा डायोडपेक्षा कितीतरी दुर्मीळ भाग हळूहळू जळत असतो.

जबलपूरसारख्या गावात हे बोलणं निरर्थक नाही. १९०४ सालचा तोफगाड्यांचा कारखाना, १९६९ सालचा वाहन कारखाना, दूरसंचाराचं प्रशिक्षण केंद्र, १९४७ मध्ये सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि या सगळ्यांच्या आसपास वाढलेले छोटे उद्योग. जिथे मोजमाप हा रोजचा धंदा आहे, तिथे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे सीआरओ निघणारच. ते दुरुस्त करणारे हातही आहेत. अडतं ते उच्च दाबाच्या भागापाशी.

आधी या सल्ल्याचा उगम पाहू, कारण तो हवेतून आलेला नाही. हीथकिटसारख्या स्वतः जोडायच्या जुन्या, साध्या सीआरओंमध्ये पडद्याच्या ट्यूबचा उच्च दाब थेट मेनच्या ट्रान्सफॉर्मरवरून, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झवर तयार होई. तिथे १एन४००७ची माळ खरोखर काम करते, कारण तो डायोड मेनच्या फ्रीक्वेन्सीसाठीच बनवलेला आहे. एका पिढीने ते करून पाहिलं, यश आलं, आणि पुढच्या पिढीने ‘कुठल्या सीआरओत?’ हा प्रश्न न विचारता तोडगा तेवढा उचलला.

टेक्ट्रॉनिक्सच्या ५०० मालिकेत किंवा १९७२ साली आलेल्या १०० मेगाहर्ट्झच्या ४६५ मध्ये व्यवस्था वेगळी आहे. तिथे एक ऑसिलेटर लहानशा ट्रान्सफॉर्मरला ५०-६० किलोहर्ट्झच्या आसपास हलवतो. मेनच्या ५० हर्ट्झवर डायोडला उलट्या दिशेने बंद राहायला १० मिलिसेकंद मिळतात. ५० किलोहर्ट्झवर मिळतात १० मायक्रोसेकंद, म्हणजे हजार पटींनी कमी. १एन४००७ला बंद व्हायलाच काही मायक्रोसेकंद लागतात. अनेक कंपन्या तर हा आकडा डेटाशीटमध्ये देतच नाहीत, कारण त्या डायोडकडून ती अपेक्षाच नाही. परिणामी दर आवर्तनात कपॅसिटरमध्ये साठलेला विद्युतभार डायोडमधून उलटा परत वाहतो. डायोड तापतो, दाब पडतो. नियंत्रण-मंडल तो भरून काढायला ऑसिलेटरला आणखी पिळतं, आणि ती उष्णता ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत जाते. डायोड रुपया-दोन रुपयांचा. तो ट्रान्सफॉर्मर मात्र पैसे मोजूनही मिळत नाही.

‘पण हा तर एक अँपिअरचा दणकट डायोड आहे!’ हेही नेहमीचं. ट्यूबचा प्रवाह मिलिअँपिअरच्याही खाली असतो. इथे अँपिअरचं काही काम नाही, उलट मोठ्या जंक्शनची जास्तीची कपॅसिटन्स त्या नाजूक गुंडाळीवर ओझं होऊन बसते.

दुसरी चूक निव्वळ अंकगणिताची आहे, आणि ती शिकलेली माणसंही करतात. ४६५ मध्ये ट्यूबचा कॅथोड उणे २४५० व्होल्टवर असतो. मग हजार-हजार व्होल्टचे तीन १एन४००७ पुरे, असा हिशेब होतो. पण अर्धतरंगी रेक्टिफायरमध्ये कपॅसिटर एका बाजूने २४५० वर भरलेला असताना गुंडाळी दुसऱ्या बाजूला तेवढीच झुलते. डायोडवर उलटा दाब येतो तो जवळजवळ दुप्पट, ४९०० व्होल्ट. तीन डायोडांची माळ पहिल्याच दिवशी मर्यादेच्या पार गेलेली असते.

मग काय वापरावं? उच्च दाबाचे, जलद बंद होणारे, काही मिलिअँपिअरचे काडीसारखे डायोड आजही तयार होतात. त्यांच्या डेटाशीटवर बंद होण्याचा वेळ नॅनोसेकंदांत छापलेला असतो. ते नसतील तर यूएफ४००७. दिसायला आणि नावाला भावंडच, हजार व्होल्टचा, पण बंद होण्याचा वेळ ७५ नॅनोसेकंद. २४५० व्होल्टसाठी तीन नव्हे, सात-आठ घ्यावेत. सोल्डरचे सांधे गोल ठेवावेत, कारण टोकदार सांध्यापाशी हवा आयनित होऊन गळती सुरू होते. फ्लक्स स्पिरिटने पुसून काढावा. जबलपूरच्या पावसाळ्यात न पुसलेला फ्लक्स आणि धूळ मिळून दाबाला वाट करून देतात.

मायक्रोवेव्ह ओव्हनचा डायोड हा याच गैरसमजाचा नवा अवतार. १२ हजार व्होल्ट, ३५० मिलिअँपिअर हे आकडे पाहून माणूस हरखतो. पण तोही मेनच्या फ्रीक्वेन्सीचाच, म्हणजे तसाच मंद. आणि उच्च दाबाचा कुठलाही डायोड मल्टिमीटरवर दोन्ही बाजूंनी ‘ओपन’ दिसला म्हणजे मेला असं नाही. त्याच्या पोटात अनेक जंक्शनं एकापुढे एक असतात, आणि मल्टिमीटरच्या दोन-तीन व्होल्टांनी त्यांतून प्रवाह वाहतच नाही. चांगले डायोड यामुळे कचऱ्यात गेले आहेत.

रेझिस्टरचंही तसंच. ‘ओहम जुळले, वॅट जुळले, झालं.’ १० मेगओहमवर २००० व्होल्ट दिले तर ०.४ वॅट खर्च होतात, म्हणून अर्ध्या वॅटचा रेझिस्टर पुरेल असं वाटतं. पण सामान्य अर्ध्या वॅटच्या कार्बन फिल्म रेझिस्टरची दाबाची मर्यादा साधारण ३५० व्होल्ट असते. तो जळत नाही, फक्त त्याचं मूल्य बदलत जातं.

आणि हे मूल्य बदलणं सर्वांत घातक आहे, कारण त्यानंतर सीआरओ खोटं बोलू लागतो. अनेकांची समजूत अशी की उच्च दाबाचा संबंध फक्त उजेडाशी. रेघ लख्ख दिसली की दुरुस्ती संपली. पण ट्यूबमधली इलेक्ट्रॉनांची शलाका किती वळते हे तिच्या वेगावर अवलंबून असतं, आणि वेग ठरवतो हा दाब. साध्या ट्यूबमध्ये दाब १० टक्क्यांनी वाढला तर वळण सुमारे ९ टक्क्यांनी घटतं: ५ व्होल्टचा सिग्नल साडेचार व्होल्टच्या आसपास वाचला जातो, आणि आडव्या दिशेचा वेळही तितकाच चुकतो. म्हातारे कार्बन रेझिस्टर बहुधा वरच सरकतात. फीडबॅकच्या साखळीत असा एखादा असेल तर नियंत्रण-मंडल फसतं आणि दाब वाढवत नेतं. रेघ आणखी बारीक, आणखी देखणी होते. माप मात्र चुकलेलं असतं. म्हणून उच्च दाबाचा कोणताही भाग बदलला की पुस्तिकेतला आकडा मोजून बसवायचा, आणि मग उभं-आडवं कॅलिब्रेशन पुन्हा करायचं. हे टाळणाऱ्याने दुरुस्ती अर्धीच केली आहे.

कधी डायोड, रेझिस्टर, कपॅसिटर सगळे निर्दोष निघतात आणि दोषी असतो ट्रान्सफॉर्मर स्वतः. टेक्ट्रॉनिक्सच्या ५४७ सारख्या १९६०च्या दशकातल्या सीआरओंचं हे प्रसिद्ध दुखणं आहे: इपॉक्सीत ओतलेली गुंडाळी तापली की तिच्यातला अपव्यय वाढतो, त्याने ती आणखी तापते, आणि सुरुवातीला वर्णन केलेली रेघ बरोबर तशीच मावळते. त्यावर उपाय गुंडाळी नव्याने करणं हाच. ते कष्टाचं आहे, पण जगभर अनेकांनी केलं आहे. टीव्हीचा फ्लायबॅक तिथे बसत नाही. त्याची फ्रीक्वेन्सी १५,६२५ हर्ट्झ, आणि गुंडाळ्यांचं प्रमाणही वेगळं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. बाथरूमचं सिलिकॉन इन्सुलेशनला चालतं, हे खोटं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, न्यूट्रल प्रकारचंच घ्यावं. ०.०१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये जोडले की दाब दुप्पट पेलतो, पण मूल्य निम्मं होतं, आणि दाब समान वाटायला रेझिस्टर लागतात. २ किलोव्होल्टच्या ट्यूबमधून क्ष-किरणांची भीती व्यर्थ आहे, ते काचेबाहेर येत नाहीत. अर्थची पिन काढून टाकली की सीआरओ सुरक्षित होतो, हे तर उलटं आहे. सगळं धातूचं खोकंच जिवंत होऊ शकतं. साधा मल्टिमीटर फार तर हजार व्होल्टपर्यंतचा. त्याहून वर उच्च दाबाचा प्रोबच हवा.

आणि एक गैरसमज जीव घेणारा. ‘हीटर तर ६.३ व्होल्टचा, हात लागला तर काय?’ हीटरच्या दोन टोकांत ६.३ व्होल्ट असतात हे खरं. पण अशा ट्यूबमध्ये हीटरची अख्खी गुंडाळी कॅथोडच्या बरोबरीने उणे दोन-अडीच हजार व्होल्टवर तरंगत असते. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये दाब उरतो. तो स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे, इन्सुलेट केलेल्या रेझिस्टरमधून उतरवावा, आणि मोजताना एक हात खिशात ठेवावा.

एक विनंती रिछाईतल्या, आणि कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या मंडळींना. जुना सीआरओ वजनावर भंगारात देण्याआधी त्याचा उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर, दाब अनेक पटींनी वाढवणारा मल्टिप्लायरचा ठोकळा आणि ट्यूब काढून, मॉडेलचं नाव लिहून कोरड्या डब्यात ठेवा. हे तीन भाग आता नव्याने मिळणं जवळजवळ अशक्य आहे.