डुकरांचा खोकला आणि माणसांचा ताप

१९९८ सालची गोष्ट. मलेशिया देशात इपोह शहराजवळच्या गावांत डुकरे आजारी पडली. खोकला असा, की कुत्रं भुंकतंय असं वाटावं. काहींना झटके येत, मागचे पाय लुळे पडत. मरत थोडीच. पण त्यांना सांभाळणारी माणसंही तापाने फणफणली, बेशुद्ध पडून दगावू लागली.

सरकारला वाटले, हा डासांमुळे होणारा मेंदूज्वर. लस टोचली, डासांवर औषध फवारले. रोग हटेना. आता आपणच विचार करू. डास काय धंदा विचारून चावतो? इथे तर आजारी पडत होते ते बहुतेक डुकरांना हात लावणारे. डुकरे न पाळणारे मुसलमान शेजारी जवळजवळ सगळे बचावले. आम्हांला वाटते, खरी खूण हीच होती.

पुढे मार्च १९९९ मध्ये डॉक्टर चुआ काव बिंग यांना नवाच विषाणू सापडला. विषाणू म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारा रोगजंतू. रोगी सुंगाई निपाह गावचा, म्हणून नाव पडले निपाह. हा विषाणू मूळचा वटवाघळांचा. डुकरांच्या वाड्यांलगत आंब्याची झाडं होती. वटवाघळांनी उष्टावलेली फळं खाली पडली, डुकरांनी खाल्ली, असे जाणकार मानतात.

तोवर घाबरलेल्या लोकांनी डुकरे दक्षिणेकडे विकली होती. रोगही त्यांच्याबरोबर गाडीत बसून गेला. २६५ माणसं आजारी पडली, त्यांतली १०५ गेली. सुमारे ११ लाख डुकरे मारली, तेव्हा कुठे साथ थांबली.