राज्यांच्या सिनेटमध्ये, भाग ६ : एकच मतपत्रिका, दोन निकाल

नोव्हेंबर २०२१. न्यू जर्सीच्या मॉनमथ काउंटीतला अकरावा मतदारसंघ. अ‍ॅस्बरी पार्क आणि लाँग ब्रँचचा समुद्रकिनारा, आत फ्रीहोल्डसारखी गावं. डेमोक्रॅटिक पक्षाचे तिघेही विद्यमान प्रतिनिधी पुन्हा उभे होते : सिनेटसाठी विन गोपाल, असेंब्लीसाठी जोअ‍ॅन डाउनी आणि एरिक हाउटलिंग. मतदार तेच, मतपत्रिका तीच. मोजणी पुरी झाली तेव्हा गोपाल निवडून आले होते आणि त्यांचे दोघेही सहकारी पडले होते.

विद्यमान सिनेटर पुन्हा कसा निवडून येतो, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

आधी रचना पाहू. आपल्याकडच्या विधान परिषदेवर सामान्य मतदार थेट माणूस पाठवत नाही. न्यू जर्सीत वरच्या सभागृहासाठीही तोच मत देतो. राज्याचे ४० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून एक सिनेटर आणि असेंब्लीचे दोन सदस्य जातात. असेंब्लीची मुदत सरळ दोन वर्षांची. सिनेटची मात्र दहा वर्षांत दोन, चार, चार अशी विभागलेली. जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा बदलतात, आणि सिनेटर जुन्या सीमांवर चार वर्षं बसून राहू नये म्हणून पहिली मुदत आखूड ठेवलेली. २०२० च्या जनगणनेचे आकडे कोविडमुळे उशिरा आले, त्यामुळे २०२१ ची निवडणूक जुन्याच नकाशावर झाली आणि नवा नकाशा २०२३ ला लागू झाला. म्हणजे गोपाल यांना दोन वर्षांत दोनदा लोकांपुढे जावं लागलं, तेही वेगवेगळ्या सीमांसह.

त्यात २०२१ चं वारं उलटं होतं. गव्हर्नर फिल मर्फी जेमतेम तीन टक्क्यांनी तरले आणि मॉनमथ काउंटीत तर त्यांचे प्रतिस्पर्धी जॅक चिटरेली पुढे होते. राज्याच्या दक्षिण भागात, तिसऱ्या मतदारसंघात त्याहून मोठी उलथापालथ झाली. सिनेटचे अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी २०१० पासून त्या खुर्चीवर होते. न्यू जर्सीच्या इतिहासात इतका काळ ते पद कुणाकडेच नव्हतं. चारच वर्षांपूर्वी शिक्षक संघटनेने त्यांना पाडण्यासाठी प्रचंड पैसा ओतला होता, तरी ते टिकले होते. या वेळी ट्रक चालवणाऱ्या एडवर्ड डर यांनी, जवळपास काहीच खर्च न करता, त्यांना सुमारे दोन हजार मतांनी हरवलं. ज्याच्या होकाराशिवाय राजधानी ट्रेंटनमध्ये विधेयक पुढे सरकत नसे, तो माणूस घरच्या मतदारसंघात पडला.

मग गोपाल का टिकले? माझ्या मते एक कारण असं की त्यांनी कधीच जागा सुरक्षित मानली नाही. २०१७ मध्ये त्यांनी स्वतः जेनिफर बेक या विद्यमान रिपब्लिकन सिनेटरला हरवलं होतं. विद्यमान माणूस कसा पडतो हे त्यांना ठाऊक होतं. दुसरं कारण मतपत्रिकेतच आहे. सिनेटला एका नावासमोर एक नाव असतं आणि मतदार माणूस पाहतो. असेंब्लीला दोन जागांसाठी नावांची रांग असते. तिथे हात पक्षाकडे वळतो. वारं विरोधात असलं की तिथली माणसं आधी पडतात. गोपाल यांची आघाडी जेमतेम चारेक टक्क्यांची होती. पण तेवढ्यावर जागा राहिली.

२०२३ ला सगळं फिरलं. रिपब्लिकन पक्षाने या जागेसाठी मोठी ताकद लावली आणि स्टीव्ह डनिस्ट्रियन यांना उतरवलं. मुलांच्या लिंगओळखीबद्दल पालकांना कळवण्याची मॉनमथ काउंटीतल्याच काही शाळा मंडळांची धोरणं तेव्हा राज्य सरकारने कोर्टात नेली होती. पालकांचे हक्क हा रिपब्लिकनांचा मुद्दा, गर्भपाताचा हक्क हा डेमोक्रॅट्सचा. गोपाल साठ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन आले, आणि या वेळी असेंब्लीच्या दोन्ही जागाही परत आल्या : मार्जी डॉनलन आणि लुअ‍ॅन पीटरपॉल. तिकडे डर मात्र एकाच मुदतीत गेले.

२०२३ ला मतपत्रिकेवर गव्हर्नर नव्हता आणि राष्ट्राध्यक्षही नव्हता. न्यू जर्सीत विधिमंडळाच्या निवडणुका विषम वर्षांत होतात. वर मोठं नाव नसलं की मतदार घरी राहतात; २०१५ मध्ये नोंदणी झालेल्यांपैकी फक्त २२ टक्क्यांच्या आसपास लोकांनी मत दिलं होतं. मला हे मनापासून खटकतं. एडिसनमध्ये, जर्सी सिटीत आपली किती मराठी घरं आहेत! शाळांना मिळणारा राज्याचा पैसा, घरपट्टीतली सवलत हे सगळं ठरवण्यात या चाळीस जणांचा हात असतो. दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षासाठी रांगेत उभं राहणाऱ्या आपल्या माणसांनी मधली ही निवडणूक सोडू नये, असं मला फार वाटतं.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि विद्यमान सिनेटरांसाठी तीच बहुधा सर्वांत मोठी ठरेल. न्यू जर्सीत पक्षांतर्गत निवडणुकीच्या मतपत्रिकेवर बहुतेक काउंट्यांत पक्षनेत्यांच्या पसंतीचे सगळे उमेदवार एकाच रांगेत छापले जात. तिथे लोक त्या रांगेला नुसतं ‘लाइन’ म्हणत. ज्याला लाइन मिळाली त्याला पक्षात सहसा कुणी हरवू शकत नसे. आव्हान देणारा बाजूला कुठल्यातरी कोपऱ्यात सापडायचा. अमेरिकेच्या सिनेटसाठी उभे असलेल्या अँडी किम यांच्या दाव्यावर मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक निवडणुकीसाठी ही रांग बंद केली, आणि पुढे कायदाही बदलला. पदागणिक नावांचा वेगळा चौकोन आता छापला जातो. सिनेटच्या सगळ्या ४० जागांसाठी अशी मतपत्रिका पहिल्यांदा वापरली जाईल ती २०२७ च्या जूनमध्ये.

(पुढील भागात : सीमा कोण आखतं? मतदारसंघ फेररचना आयोगातला अकरावा माणूस)