फ्यूजच्या जागी बल्ब

नवा फ्यूज घातला, चावी फिरवली की टप्! पुन्हा उडाला. अशा वेळी फ्यूज घालत बसण्यापेक्षा जुने वायरिंगवाले फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडतात (तारेचा, एलईडी नव्हे). १२ व्होल्टला तो जेमतेम पावणेदोन ॲम्पियर करंट जाऊ देतो, म्हणून काही जळत नाही. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. मग त्या लाइनवरचे एकेक कनेक्टर काढायचे, वायरिंग हलवून बघायचं. बल्ब मंदावला किंवा विझला, की तिथेच चोर!

बहुधा तो ठरलेल्या जागी सापडतो: डिकीच्या बिजागरीपाशी रोज दुमडून चिरलेली वायर, पत्र्याच्या कडेला घासलेलं आवरण, नाहीतर पावसाळ्यात बॉनेटखाली मुक्कामाला आलेल्या उंदरांची करामत. उघडं तांबं बॉडीला टेकलं की झालं. बॉडी म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजूच. दुरुस्तीआधी बॅटरी सोडवा, खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर डाख देऊन जोडा, वर हीट-श्रिंक नळी चढवा. नुसती चिकटपट्टी इंजिनाच्या उष्णतेत सुटते.

आणि १० ॲम्पियरच्या लाल फ्यूजजागी ३० चा हिरवा कधीही घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.