माशाच्या पोटात दडलेला डेटा

हिंगोलीपासून समुद्र लांब, पण मत्स्यशास्त्रातला हा प्रश्न संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. समुद्रात मासे किती आहेत आणि दरवर्षी किती मरतात, हे मोजायचं कसं?

मरतुकीचे दोन भाग असतात. मासेमारीने होणारी आणि नैसर्गिक, म्हणजे रोगाने, वयाने किंवा दुसऱ्या माशाने खाल्ल्यामुळे होणारी. पकडलेल्या माशांच्या लांबी-वयावरून एकूण मरतुकीचा दर काढता येतो. समजा तो १.५ आला, म्हणजे वर्षाअखेर १०० पैकी साधारण २२ मासे उरतात. आता गंमत बघा. नैसर्गिक दर ०.५ धरला तर मासेमारीचा वाटा १.०, म्हणजे एकूण मरतुकीच्या ६७ टक्के. नैसर्गिक दर १.० धरला तर तोच वाटा ३३ टक्क्यांवर येतो. ५० टक्क्यांच्या वर म्हणजे अतिमासेमारी, असा एक ढोबळ नियम आहे. मासे तेच, पण एका गृहीतकावर कोळ्यांवर बंधनं घालायची की नाही हे ठरतं!

म्हणून हा नैसर्गिक दर नुसता धरून चालत नाही. इथे पोट कामाला येतं.

आपल्या किनाऱ्यावरचा बोंबील घ्या. डोल जाळ्यात सापडणाऱ्या बोंबलाचं पोट उघडलं की त्यात मुख्यतः जवळा निघतो आणि कधीकधी बोंबलाचीच पिल्लंही! म्हणजे मोठा बोंबील हासुद्धा पिल्लांच्या मरतुकीचं एक कारण आहे. हिशोब असा: शिकारी माशांची संख्या, गुणिले एका माशाचं वर्षाचं खाणं, गुणिले त्यातला पिल्लांचा वजनी वाटा, भागिले एका पिल्लाचं सरासरी वजन. ही झाली वर्षात खाल्लेल्या पिल्लांची संख्या. तिला त्या वर्षातल्या जिवंत पिल्लांच्या सरासरी संख्येने भागलं की भक्षणाने होणाऱ्या मरतुकीचा दर मिळतो. पण ती सरासरी संख्या स्वतः याच दरावर अवलंबून असते. म्हणून आकडे स्थिर होईपर्यंत मॉडेल पुन्हा पुन्हा चालवावं लागतं.

युरोपात उत्तर समुद्रावर १९८१ आणि १९९१ साली कॉड, व्हायटिंग वगैरे माशांची हजारो पोटं तपासली गेली. तोपर्यंत अनेक जातींसाठी सगळ्या वयांना ०.२ हाच दर सर्रास वापरत. पिल्लांचा दर त्याहून बराच जास्त निघाला.

पोटाचा आणखी एक उपयोग आहे. जाळ्याच्या आसातून निसटणारी बारीक पिल्लं शिकाऱ्याच्या पोटात सापडतात. दरवर्षी त्यांचं प्रमाण नोंदवत गेलं की संख्येच्या चढ-उताराचा अंदाज येतो. मात्र शिकाऱ्याने आवड बदलली तरी प्रमाण बदलतं, हे विसरू नका.

सॅम्पल घेताना तीन गोष्टी सांभाळा. रिकामी पोटंही नोंदवा, नाहीतर खाणं फुगवून दिसेल. जवळ्यासारखं मऊ भक्ष्य लवकर पचतं, कानातले खडे मात्र टिकतात, त्यामुळे वाटा चुकू शकतो. आणि जाळ्यात अडकल्यावर शेजारचाच मासा गिळलेला असेल, तर तो नैसर्गिक आहार नव्हे. असं ताजं, न पचलेलं भक्ष्य वेगळं नोंदवा.

हीच पद्धत सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणातल्या मरळीलाही लावता येईल. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर सुरुवात एका शिकारी जातीपासून करा, आणि वर्षभर दर महिन्याला सॅम्पल घ्या. एकाच ऋतूतल्या पोटांवरून वर्षाचा दर काढता येत नाही.