रिक्त पदांचे अर्थशास्त्र : सार्वजनिक रुग्णालयांतील वेतन आणि मनुष्यबळ

बंगळूरुच्या चामराजपेट भागातील मिंटो नेत्र रुग्णालयाची स्थापना १८९६ साली झाली. जवळच्याच व्हिक्टोरिया रुग्णालयाचे उद्घाटन १९०० साली लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते झाले. ही दोन्ही रुग्णालये आज बंगळूरु वैद्यकीय महाविद्यालय व संशोधन संस्थेशी संलग्न आहेत. वास्तू शतकाहून जुन्या असल्या, तरी रुग्णालय चालते ते मनुष्यबळावर. अशा सरकारी अध्यापन रुग्णालयांत सामान्यतः चार प्रकारचे लोक काम करतात : वेतनश्रेणीतील नियमित कर्मचारी, मानधनावरील कंत्राटी कर्मचारी, ठेकेदारामार्फत घेतलेले कामगार आणि विद्यावेतनावरील निवासी डॉक्टर. रुग्ण एकच, परंतु सेवा देणाऱ्यांच्या वेतनाचे आधार चार. मनुष्यबळाच्या प्रश्नाचे मूळ बऱ्याच अंशी या विषमतेत आहे.

रिक्तता कशी मोजावी?

येथे तीन संख्यांमधील भेद लक्षात घ्यावयास हवा : मानकानुसार आवश्यक पदे, शासनाने मंजूर केलेली पदे आणि प्रत्यक्षात भरलेली पदे. समजा, गरज १०० परिचारिकांची आहे, मंजूर पदे ७० आहेत आणि भरलेली ५० आहेत. अशा वेळी शासकीय नोंदीत २० पदे रिक्त दिसतील, परंतु खरी तूट ५० असेल. लोकसंख्या वाढूनही पदांचा आकृतिबंध जुनाच राहिला, तर सर्व मंजूर पदे भरल्यानंतरही रुग्णालय अपुरेच पडते. ग्रामीण आरोग्य सांख्यिकी २०२१-२२ नुसार ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत विशेषज्ञांची तूट ७९.५ टक्के होती.

वेतनाचा प्रश्न

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे (नोंद ६). त्यामुळे नियमित वेतनाचा भार मुख्यतः राज्याच्या अर्थसंकल्पावर पडतो. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानामुळे कंत्राटी नेमणुकांना मोठी चालना मिळाली. आजच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानात बहुतेक राज्यांसाठी केंद्र व राज्य यांच्या वाट्याचे प्रमाण ६०:४० आहे. हा निधी हप्त्यांनी येतो. एखादा हप्ता किंवा राज्याचा हिस्सा लांबला, तर मानधनही लांबते. कर्नाटकात सातव्या राज्य वेतन आयोगाची वेतनवाढ १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाली, परंतु अशी वाढ कंत्राटी मानधनाला आपोआप मिळत नाही. निवासी डॉक्टरांचे विद्यावेतनही वेतन आयोगाच्या कक्षेत येत नाही. ते स्वतंत्र आदेशाने ठरत असल्याने दर वाढीसाठी नव्याने मागणी करावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये कर्नाटकातील निवासी डॉक्टरांनी याच कारणासाठी संप केला. महाराष्ट्रातही फेब्रुवारी २०२४ मधील संपानंतर विद्यावेतनात दरमहा १०,००० रुपयांची वाढ मंजूर झाली.

न्यायालयीन भूमिका

कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी (२००६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, विहित प्रक्रियेबाहेर नेमलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही. पंजाब राज्य विरुद्ध जगजीत सिंग (२०१६) या निकालात न्यायालयाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू केले. पुढे जग्गो विरुद्ध भारत सरकार (२०२४) या प्रकरणात, उमादेवी निकालाची ढाल करून प्रदीर्घ सेवा देणाऱ्यांचे शोषण करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

बचत कोणाची, भार कोणावर?

अर्थशास्त्रज्ञ बॉमोल आणि बोवेन यांनी १९६६ साली मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. कारखान्यात यंत्रांमुळे दर कामगारामागील उत्पादन वाढते. परिचारिकेला मात्र एका वेळी मर्यादित रुग्णांचीच नीट शुश्रूषा करता येते. तरीही अन्य क्षेत्रांतील वेतन वाढले की तिचेही वाढवावे लागते, अन्यथा ती दुसरीकडे जाते. म्हणून रुग्णसेवेचा खर्च वाढत जाणे हे नेहमीच गैरव्यवस्थेचे लक्षण नसते. हा वाढता खर्च टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पद रिक्त ठेवणे.

कोषागारात ही बचत दिसते. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते, रुग्णाचा रोजगार बुडतो किंवा तो कर्ज काढून खासगी रुग्णालय गाठतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चातील कुटुंबांच्या खिशातील खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती लक्षणीय आहे, तथापि भार अजूनही मोठा आहे. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने शासकीय आरोग्य खर्च २०२५ पर्यंत स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

उपाययोजनेची दिशा

केवळ अधिक वैद्यकीय महाविद्यालये काढून हा प्रश्न सुटणार नाही, कारण पदवीधर उपलब्ध असूनही पद रिक्त राहू शकते. तामिळनाडूने २०१२ साली वैद्यकीय सेवांसाठी स्वतंत्र भरती मंडळ स्थापन केले. अशा यंत्रणेला निवृत्तीच्या तारखांशी जोडलेल्या वार्षिक भरती कार्यक्रमाची जोड हवी. पदांचा आकृतिबंध ठरावीक काळाने खाटा व रुग्णसंख्येनुसार सुधारला जावा. मानधनासाठी राज्याने राखीव निधी ठेवावा, म्हणजे हप्ता लांबला तरी वेतनाची तारीख चुकणार नाही. विद्यावेतनाची वाढ महागाई निर्देशांकाशी जोडल्यास संपाचे एक वारंवार उद्भवणारे कारण दूर होईल. या सर्वांसाठी पैसा लागेल हे खरे. मात्र रिक्त पदाचा खर्च आजही होतच आहे. तो अर्थसंकल्पात न दिसता रुग्णाच्या घरखर्चात दिसतो, एवढाच फरक आहे.